रांगेतलं दहावं विमान

हिवाळ्यात संध्याकाळी रंकाळ्याच्या काठावर उभं राहिलं की मुक्कामाला निघालेले पाणकावळे दिसतात. त्यांची रांग नेहमी तिरकी. मागचा पक्षी पुढच्याच्या पाठीमागे नसतो, त्याच्या पंखाच्या टोकापासून जरासा बाजूला असतो. ती जागा मला फार विलक्षण वाटते, कारण विमानांना ती आपोआप धरता यावी म्हणून अभियंत्यांनी कित्येक दशकं खपवली आहेत.

जर्मन शास्त्रज्ञ कार्ल विझेल्सबर्गर यांनी १९१४ मध्ये तिचं कारण मांडलं. पंखाखालची जास्त दाबाची हवा टोकाशी वर वळते आणि तिचा भोवरा मागे लांबत जातो. थेट पंखामागची हवा खाली दबते, टोकाबाहेरची मात्र वर उचलली जाते. त्या वर जाणाऱ्या हवेवर मागच्याचे श्रम वाचतात. २५ पक्ष्यांचा थवा एकट्या पक्ष्यापेक्षा सुमारे ७० टक्के जास्त लांब जाऊ शकेल, असा हिशेब १९७० मध्ये लिसामन आणि शोलेनबर्गर यांनी केला. पुढे २०१४ मध्ये शराटीच्या जातकुळीतल्या पक्ष्यांच्या पाठीवर छोटी यंत्रं बांधून पाहिलं, तेव्हा ते नुसती जागाच धरत नाहीत, तर पंखांची फडफडही पुढच्याशी जुळवून घेतात असं दिसलं.

योगायोग असा, की १९१४ मध्येच लॉरेन्स स्पेरी यांनी पॅरिसमध्ये आपला ऑटोपायलट दाखवला. त्यांनी दोन्ही हात वर केले, मेकॅनिक पंखावर चालत गेला आणि विमान सरळ उडत राहिलं. पण त्या यंत्राला फक्त आपलं विमान कळत होतं, शेजारचं नाही. म्हणून जवळजवळ उडणं पुढेही वैमानिकाच्या नजरेवरच राहिलं. हवाई दलाचं १९९६ मध्ये सुरू झालेलं सूर्यकिरण पथक नऊ विमानांच्या कवायती करतं, त्याही वैमानिकांच्याच हातांनी.

यंत्राला हे जमेना, त्याचं एक कारण म्हणजे मोजमाप. एफ/ए-१८ या लढाऊ विमानाच्या पंखांची रुंदी साडेअकरा मीटरच्या आसपास. फायद्याची जागा धरायची, तर मागच्याच्या पंखाचं टोक पुढच्याच्या टोकाच्या रेषेत मीटर-दीड मीटर आत यावं लागतं. आणखी आत गेलं की भोवरा पंख उलथवू पाहतो. हे अंतर डोळ्यांनी तासन्‌तास सांभाळता येत नाही. दोन विमानांतलं अंतर जीपीएस आणि रेडिओने बारकाईने मोजता येऊ लागलं, तेव्हा वाट मोकळी झाली. २००१ मध्ये नासाने कॅलिफोर्नियात दोन एफ/ए-१८ उडवली. वैमानिकांनी मागचं विमान भोवऱ्याच्या वेगवेगळ्या जागी नेऊन पाहिलं. चांगल्या जागी त्याचं इंधन १८ टक्क्यांपर्यंत कमी लागलं. एअरबसने ९ नोव्हेंबर २०२१ रोजी दोन ए-३५० प्रवासी विमानं तुलूजहून माँट्रियलला नेली, एकमेकांपासून ३ किलोमीटरवर. तेवढ्यानेही ६ टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड वाचला.

दुसरं कारण माझ्या मते जास्त महत्त्वाचं, आणि ते समजायला आपल्याला विमानाची गरज नाही. गळीत हंगामात कारखान्याच्या वाटेवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग बघा. पहिल्याने वेग जरासा कमी केला, तर दुसरा थोडा जास्त कमी करतो, तिसरा त्याहून जास्त, आणि दहाव्याला कचकन ब्रेक दाबावा लागतो. चूक कोणाचीच नसते. प्रत्येक जण फक्त पुढच्याकडे बघत असतो आणि उशीर साठत जातो. लेव्हाइन आणि अ‍ॅथन्स यांनी १९६६ मध्ये एकामागे एक धावणाऱ्या गाड्यांचं नियंत्रण गणितात बसवलं, आणि त्यातून हा प्रश्न पुढे अभ्यासाचा स्वतंत्र विषय झाला. निष्कर्ष साधा, पण कठोर आहे: प्रत्येकाने ठरावीक अंतर राखायचं आणि फक्त पुढच्याला बघायचं, एवढ्यावर लांब रांग चालत नाही. आघाडीचं विमान काय करतंय, हे शेवटच्या विमानालाही थेट कळलं पाहिजे. एकच मागे असेल तर निभावतं. दहा असतील तर रेडिओशिवाय गत्यंतर नाही.

पुढारी नकोच, असा विचारही झाला. क्रेग रेनॉल्ड्स यांनी १९८७ मध्ये संगणकावर थवा उडवला तो तीन नियमांवर: शेजाऱ्याला धडकू नका, त्याच्या दिशेने आणि वेगाने चला, थव्याच्या मध्याकडे सरका. बुडापेस्टच्या संशोधकांनी २०१४ मध्ये तसेच दहा ड्रोन मोकळ्या आकाशात उडवले. दिल्लीत २०२२ च्या बीटिंग रिट्रीटला १००० ड्रोन दिसले, पण अशा खेळांत साधारणपणे प्रत्येकाची वाट आधीच आखलेली असते. शेजाऱ्याला बघून वाट काढणं वेगळं.

आता आपल्याकडच्या उसावरही फवारणीचे ड्रोन फिरतात, आणि दोन-तीन एकदम का सोडत नाहीत, असं शेतकरी विचारतात. एक अडचण हवेचीच आहे. पाणकावळ्याच्या पंखाच्या टोकाबाहेर वर जाणारी हवा मिळते. ड्रोनची पाती हवा खाली ढकलतात, आणि त्याच झोतामुळे औषध उसाच्या पानांत खोल उतरतं. दुसरा ड्रोन त्या झोतात शिरला, तर त्याची उचल घटते आणि तो खाली बसू लागतो.