ट्रायल संपली म्हणून नवं खातं उघडताय? आधी हे वाचा

आमचं बिलिंग सॉफ्टवेअर पहिले 30 दिवस फुकट आहे. ते संपले की नवा ईमेल टाकून पुन्हा 30 दिवस, असं काही दुकानदार करतात. जीमेल पत्त्यातलं टिंब मोजत नाही. टिंब इकडचं तिकडे केलं तरी मेल एकाच इनबॉक्समध्ये येतो, आमच्याकडे मात्र नवा ग्राहक दिसतो. एका दुकानाची अशी सात खाती निघाली. युक्तीचं कौतुक वाटलं, खोटं कशाला बोला!

आमचं नुकसान म्हणाल तर ओटीपीच्या एसएमएसचे पैसे आणि सर्व्हरचं भाडं. तुमचं जास्त होतं. नव्या खात्यात बिलांचे क्रमांक पुन्हा 1 पासून सुरू होतात. जीएसटीच्या नियम 46 प्रमाणे ते ओळीने हवेत आणि एका आर्थिक वर्षात तोच क्रमांक दोनदा येता कामा नये. एप्रिलमध्ये 1 नंबरचं बिल, मेमध्ये परत 1 नंबरचं. जीएसटीआर-1 (जीएसटीचं विक्रीचं विवरण) भरायला बसलेले तुमचे सीए मग तुम्हालाच फोन करतात. उधारीची यादी आणि मालाचा साठाही जुन्या खात्यात अडकतो. बंद पडलेलं ट्रायल खातं आम्ही 90 दिवसांनी पुसतो. हिशेब मात्र कायद्याने वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून 72 महिने जपायचा असतो.

म्हणून यापुढे ट्रायल ईमेलवर नाही, जीएसटी नंबरवर. एका नंबरला एकदाच, शाखा कितीही असोत. जीएसटी नंबर नसेल (लहान दुकानांना तो लागतोच असं नाही) तर मोबाइल नंबर चालेल. कार्डाची माहिती आधी मागणार नाही. महिना संपताच गुपचूप पैसे कापणारी ट्रायल आम्हालाही आवडत नाही.

30 दिवस खरंच पुरले नाहीत, दिवाळीची गर्दी होती, मालाची यादी भरण्यातच महिना गेला, तर सरळ फोन करा. आणखी 15 दिवस देऊ. आधीच दोन-तीन खाती झाली असतील तर तेही सांगा, रागावणार नाही. सगळी उधारी आणि साठा एका खात्यात आणून देऊ, त्याचे पैसे नाहीत. फक्त जुन्या बिलांचे क्रमांक आम्हाला बदलता येणार नाहीत, ती बिलं गिऱ्हाइकांच्या हातात गेलेली आहेत. त्यांचं काय करायचं ते सीएंना विचारा.