फायबरची शेजपाळी

भर दुपारी ग्रामपंचायतीत दाखल्यांसाठी गर्दी असते, संगणक परिचालक ‘नेट स्लो आहे’ म्हणतो आणि दोष फायबरच्या माथी जातो. काचेच्या त्या केसाएवढ्या तंतूवर हा अन्यायच. त्यातून सेकंदाला कित्येक लाख कोटी बिट जाऊ शकतात. बरेचदा अडतं ते वाटपात.

भारतनेट ही ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेणारी केंद्र सरकारची योजना. तिच्या पहिल्या टप्प्यात तालुक्याला एक मुख्य यंत्र आणि त्याच्या फायबरवर अनेक ग्रामपंचायती, अशी रचना झाली. या तंत्राला जीपॉन म्हणतात. तालुक्याहून आलेला प्रकाश वाटेत स्प्लिटर नावाच्या डबीत फाटून गावोगाव जातो. डबीला वीज लागत नाही, हे आपल्याकडे फार महत्त्वाचं. माहिती गावाकडे येताना सेकंदाला सुमारे 2.5 गिगाबिट, गावाकडून जाताना 1.25, आणि हे सगळ्या गावांत मिळून.

येणारी माहिती सोपी: ती सगळ्यांकडे पोचते, ज्याची त्याने उचलायची. पंचाईत आहे ती गावाकडून जाणाऱ्या माहितीची. दोन गावांचा प्रकाश एकाच क्षणी स्प्लिटरशी पोचला तर दोन्ही संदेश एकमेकांत मिसळून वाया जातात. म्हणून इथे कालव्याच्या पाण्यासारखी शेजपाळी, म्हणजे एकामागून एक पाळीने वाटप, चालते. फक्त आवर्तन, म्हणजे पाळीची एक फेरी, दिवसांचं नसून 125 मायक्रोसेकंदांचं (मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग). फायबरमध्ये प्रकाशाला एका किलोमीटरला सुमारे 5 मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे 20 किलोमीटरवरच्या गावाचा संदेश 100 मायक्रोसेकंदांनी पोचतो, 2 किलोमीटरवरच्याचा 10 मध्ये. मुख्य यंत्र आधी प्रत्येक गावाचं अंतर मोजतं आणि जवळच्याला तेवढं जास्त थांबायला लावतं. माथ्यावरच्याला थांबवून टेलवाल्याला, म्हणजे शेवटच्या टोकाच्याला, सांभाळणारी ही पाळी बघून कालव्यावरचे शेतकरी हेवा करतील!

पाळीची लांबीही ठरलेली नसते. आपल्याकडे किती माहिती तुंबली आहे हे प्रत्येक गावाचं यंत्र कळवतं, त्यानुसार वेळ कमी-जास्त होतो. आरोग्य केंद्राच्या व्हिडिओ सल्ल्यासाठी ठरावीक वाटा राखून उरलेला इतरांना देता येतो. ही सोय आहे. ती नीट लावणं माणसाच्या हातात.

तालुक्याच्या पुढे, जिल्ह्या-जिल्ह्यांमधल्या मोठ्या मार्गांवर, वाटप रंगांचं असतं. एकाच तंतूत वेगवेगळ्या तरंगलांबीचे अनेक प्रवाह धावतात. रंग म्हणायचं एवढंच, डोळ्याला ते दिसत नाहीत, कारण हा प्रकाश अवरक्त असतो. समजा यवतमाळहून वर्ध्यामार्गे नागपूरला नवी प्रकाशवाट हवी. यवतमाळ–वर्धा टप्प्यात तिसरा आणि सातवा रंग मोकळा, वर्धा–नागपूर टप्प्यात पाचवा आणि नववा. दोन्हीकडे जागा आहे, तरी वाट मिळत नाही, कारण दोन्हीकडे मोकळा असा एकही समान रंग नाही. रंग वाटेत बदलायचा तर प्रकाशाचं विजेत आणि विजेचं पुन्हा प्रकाशात रूपांतर करावं लागतं, आणि ती यंत्रं महाग. त्यामुळे मार्ग आणि रंग एकत्र ठरवावे लागतात. जाळं मोठं झालं की सर्वोत्तम वाटप शोधणं संगणकालाही झेपत नाही. मग ‘क्रमाने पहिला मोकळा रंग घ्या’ असा साधा नियम वापरतात. वापरातले रंग एका बाजूला दाटतात, तर दुसऱ्या बाजूला बऱ्याच टप्प्यांवर सारखेच रंग मोकळे राहतात. नियम बाळबोध आहे, पण आश्चर्य वाटावं इतका चांगला चालतो.

रंगांच्या पट्ट्या, म्हणजे प्रत्येक रंगाला दिलेली वारंवारितेची जागा, पूर्वी ठरावीक रुंदीच्या असत, आता 12.5 गिगाहर्ट्झच्या पटीत हव्या तेवढ्या कापता येतात. जागा वाचते, पण मध्ये निरुपयोगी तुकडे उरतात.

राहिला प्रश्न केबल तुटण्याचा. रस्त्याच्या कामावरचा जेसीबी हा फायबरचा जुनाच वैरी. भारतनेटची सुरुवातीची रचना सरळ रेषेची होती: एक घाव, पुढची सगळी गावं बंद. 2023मध्ये मंजूर झालेल्या सुधारित कार्यक्रमात वर्तुळाकार रचना आहे, म्हणजे एक बाजू तुटली तर वाहतूक उलट्या बाजूने वळते. त्यासाठी त्या बाजूला आधीच क्षमता राखावी लागते.

पण नकाशावरचं वर्तुळ जमिनीवरही वर्तुळ असावं लागतं. फायबर बहुधा रस्त्याच्या कडेने जातं. धारणीहून एक वाट परतवाड्याकडे आणि दुसरी अकोटकडे काढली, तरी हरिसालपर्यंत रस्ता एकच. दोन्ही केबल त्याच चरात असल्या तर बकेटच्या एका फटक्यात दोन्ही जातात. म्हणून मार्ग ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरला कोणता तंतू कोणत्या तंतूला जोडला आहे एवढंच सांगून भागत नाही, कोणाचा चर कोणाबरोबर आहे हेही भरावं लागतं. ती नोंद ठेवायची चर खणतानाच. माती पडून पावसाळा गेला की कोणालाच आठवत नाही.