रश लिंबॉ: मुळात डीजे होता म्हणून जमलं

अमेरिकन राजकारण इतकं कडवट कधीपासून झालं हा विषय निघाला की बहुतेक लोक फॉक्स न्यूज या उजव्या विचारांच्या टीव्ही चॅनलपाशी येऊन थांबतात. पण फॉक्स न्यूज सुरू झालं १९९६ ला, आणि त्याच्या आठ वर्षं आधीपासून एक माणूस रोज दुपारी तीन तास रेडिओवर एकटाच बोलत होता, कट्टर उजव्या विचारांचा रश लिंबॉ. त्याची विचारसरणी मला अजिबात पटत नाही, पण तो एवढा मोठा कसा झाला हे नीट बघायलाच हवं, कारण त्याला नुसता द्वेष पसरवणारा म्हणून सोडून दिलं तर खरी गोष्ट हातातून निसटते.

जन्म १९५१ चा, मिसुरी राज्यातल्या केप जिरार्डो या मिसिसिपी नदीकाठच्या गावातला. घराणं वकिलांचं, वडील वकील, आजोबा वकील, गावातल्या फेडरल कोर्टाच्या इमारतीला आज त्याच आजोबांचं नाव आहे. ह्याला मात्र शाळेत असल्यापासून रेडिओचं वेड. वडिलांची भागीदारी असलेल्या गावच्या स्टेशनवर तो टीनएजमध्येच गाणी लावायला लागला, कॉलेज वर्षभरात सोडलं आणि १९७१ मध्ये पेनसिल्व्हेनियात जेफ क्रिस्टी या नावाने डीजे झाला. पुढची दहाबारा वर्षं म्हणजे नोकरी लागली, काढून टाकलं, पुन्हा लागली, पुन्हा काढलं. मध्ये तर रेडिओ सुटलाच, १९७९ पासून कॅन्सस सिटी रॉयल्स या बेसबॉल टीमच्या ऑफिसात तिकीटविक्री आणि प्रमोशनचं काम करत होता. तिशी उलटलेली, पगार यथातथाच, वडिलांच्या नजरेत वाया गेलेला मुलगा.

त्याचं नशीब फिरलं १९८४ मध्ये कॅलिफोर्नियात, सॅक्रामेंटोच्या केएफबीके स्टेशनवर. मॉर्टन डाउनी ज्युनियर नावाच्या होस्टला तिथून काढलं आणि ती जागा ह्याला मिळाली. तिथे त्याने केलं काय, तर गाण्यांच्या शोची सगळी कारागिरी राजकीय बोलण्यात आणली, म्हणजे थीम म्युझिक, नकला, विडंबनगीतं, नेत्यांना टोपणनावं, मुद्द्याच्या आधी मुद्दाम घेतलेला पॉज. माईकजवळ बातमीचा कागद चुरचुरवायचा, टेबलावर बोटं आपटायची, आणि गाडीत एकट्या बसलेल्या माणसाला वाटायचं हा माझ्याशीच बोलतोय. पाहुणे जवळपास नाहीतच. फोन घ्यायचा पण ते स्क्रीनरने निवडलेले, शोला रंगत आणतील असे. शंभर टक्के परफॉर्मन्स, आणि त्यात तो खरंच उस्ताद होता, हे मान्य करायलाच पाहिजे.

आता फेअरनेस डॉक्ट्रिनबद्दल, कारण सगळं त्याच्यावरच ढकललं जातं. १९४९ पासून अमेरिकेत नियम होता की ब्रॉडकास्ट स्टेशनने वादाचे सार्वजनिक विषय घ्यायचे आणि त्यावर विरोधी मतांनाही वाव द्यायचा. १९८७ च्या जूनमध्ये काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, त्याचा कायदा करायचा प्रयत्न केला, राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी व्हेटो वापरला, ऑगस्टमध्ये एफसीसी या नियामक संस्थेने तो नियमच काढून टाकला. वर्षभरात लिंबॉ देशभर, त्यामुळे सरळ हिशोब मांडला जातो. पण तो सॅक्रामेंटोत हेच सगळं नियम असतानाच करत होता ना! नियम गेल्यामुळे स्टेशनमालकांची भीती गेली हे खरं, पण नुसत्या तेवढ्याने शो उभा राहत नाही.

माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट म्हणजे एएम, म्हणजे जुन्या मीडियम वेव्ह रेडिओची दुरवस्था. सत्तरच्या दशकात गाणी एफएमवर गेली कारण आवाज स्वच्छ, आणि एएम स्टेशनं ओस पडली, चोवीस तास भरायचे कशाने हाच प्रश्न. एबीसी रेडिओचे माजी प्रमुख एड मॅकलॉफलिन यांनी हे ओळखलं. सॅटेलाइटमुळे कार्यक्रम देशभर पाठवणं स्वस्त झालेलं, तर त्यांनी लिंबॉचा शो स्टेशनला फुकट द्यायचा आणि बदल्यात जाहिरातीची काही मिनिटं आपल्याकडे ठेवायची असा बार्टर लावला. दुपारचा टॉक शो लोकलच पाहिजे, राष्ट्रीय चालणार नाही अशी धंद्यातली पक्की समजूत होती, तरी १ ऑगस्ट १९८८ ला न्यूयॉर्कहून ५६ स्टेशनांवर सुरुवात झाली. पुढे हा आकडा सहाशेच्या घरात गेला. नव्वदच्या दशकात तर काही हॉटेलांत रश रूम असायच्या, जेवायला यायचं आणि रेडिओ लावून सगळ्यांनी ऐकायचं.

१९९४ मध्ये रिपब्लिकन पक्षाने ४० वर्षांनी प्रतिनिधिगृह जिंकलं आणि नव्या खासदारांनी त्याला मानद सदस्य केलं. निवडणूक न लढलेला माणूस पक्षाचा सूर ठरवायला लागला, त्याच्याविरुद्ध बोललेला रिपब्लिकन नेता दोन दिवसांत माफी मागायचा.

आणि क्रूरपणा होताच, तो झाकायचा नाही. एड्सने मेलेल्या समलैंगिकांची टिंगल करणारा भाग त्याने चालवला, पुढे त्याबद्दल स्वतःच खेद व्यक्त केला. २०१२ मध्ये गर्भनिरोधकांच्या विम्याच्या बाजूने बोललेल्या सँड्रा फ्लूक या विद्यार्थिनीबद्दल इतकं घाण बोलला की जाहिरातदार पळाले, मग माफी. ड्रग ॲडिक्ट लोकांना तुरुंगात टाका म्हणणारा हाच माणूस २००३ मध्ये वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनासाठी रिहॅबमध्ये गेला.

२००१ मध्ये त्याची श्रवणशक्ती जवळपास पूर्ण गेली. शो थांबला नाही. समोरचा कॉलर काय बोलतोय ते एक स्टेनोग्राफर लगेच टाइप करायची, हा स्क्रीनवर वाचून उत्तर द्यायचा, वर्षअखेरीस कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने बसवायचं यंत्र) बसवल्यावरही ती सोय राहिली. रेडिओचा माणूस बहिरा होतो आणि तरी रोज तीन तास बोलतो, हे वाचून मी खरंच थक्क झालो होतो.

१९९६ च्या टेलिकॉम कायद्याने एका कंपनीने किती स्टेशनं घ्यायची ही देशपातळीवरची मर्यादा उठली, क्लिअर चॅनल या रेडिओ कंपनीने हजारावर स्टेशनं गोळा केली आणि २००८ मध्ये लिंबॉशी आठ वर्षांचा, सुमारे ४० कोटी डॉलरचा करार केला. आपल्याकडे खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगीच नाही, आकाशवाणीचीच बातमीपत्रं लावता येतात, त्यामुळे असा माणूस आपल्या रेडिओवर तयार होणं शक्यच नव्हतं.

३ फेब्रुवारी २०२० ला त्याने फुप्फुसाचा कॅन्सर झाल्याचं शोमध्येच सांगितलं, दुसऱ्याच दिवशी संसदेपुढच्या स्टेट ऑफ द युनियन या वार्षिक भाषणात ट्रम्प यांनी त्याला प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम हा मोठा नागरी सन्मान जाहीर केला आणि त्यांच्या पत्नी मेलानिया यांनी ते पदक तिथेच त्याच्या गळ्यात घातलं. १७ फेब्रुवारी २०२१ ला तो गेला, वय ७०. स्टेशनं काही महिने त्याचीच जुनी रेकॉर्डिंग वाजवत राहिली, मग जूनमध्ये क्ले ट्रॅव्हिस आणि बक सेक्स्टन या दोघांना मिळून तो स्लॉट दिला गेला.