जाळीत शिरलेली गोळी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, जांबोटीपासून कणकुंबीपर्यंत आणि इकडे लोंढा-गुंजीच्या रानकडेला, भात पोटरीला आलं की रात्रीची राखण सुरू होते. माळ्यावर, म्हणजे राखणीच्या मचाणावर, शेकोटी, वाजवायला पत्र्याचा डबा, हातात बॅटरी, आणि ज्याच्याकडे शेतीसंरक्षणाचा परवाना आहे त्याची बंदूक. हल्याळ-जोयड्याकडच्या शिवारातही हेच चित्र. राखणीच्या गप्पांत एक प्रश्न हमखास निघतो: डुक्कर जाळीत, म्हणजे दाट झुडपांत, शिरलं तर कुठली बंदूक चालते? आणि कुणीतरी जाणता माणूस ठासून सांगतो, "गोळी जड पाहिजे बघा. जड गोळी काटक्या मोडत सरळ जाते, हलकी असली की पहिल्याच फांदीला फिरते."

हे मत फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेतल्या शिकाऱ्यांतही ते पिढ्यानपिढ्या चालत आलंय. जाड, बोथट नाकाची आणि सावकाश जाणारी गोळी मारणाऱ्या बंदुकांना तिथे खास झुडपातल्या बंदुका म्हणून नाव मिळालं. मत ऐकायला पटतं, पण भौतिकशास्त्राच्या कसोटीवर ते अर्धंच टिकतं. उरलेला अर्धा भाग माणसाच्या जिवावर बेतू शकतो, म्हणून तो नीट समजून घ्यायला हवा.

आधी जाळी कशाची, ते पाहू. आपल्या घाटमाथ्यावर ती मुख्यतः कारवीची. सात-आठ वर्षांतून एकदा फुलणारी, अंगठ्याएवढ्या जाडीच्या सरळ काठ्यांची ही झुडपं इतकी दाट वाढतात की दहा पावलांवरचा गवा दिसत नाही. याच काठ्या कुडाच्या भिंतींना वापरतात, त्यामुळे त्यांचा चिवटपणा घरोघरी माहीत आहे. शेताच्या कडेला घाणेरी आणि रानमोडी, बांधावर करवंदीच्या जाळ्या, ओढ्याला बांबूची बेटं. यातून गोळी जायची म्हणजे वाटेत ओली, पाण्याने भरलेली लाकडं आलीच.

आता गोळी. बंदुकीचं बोअर मोजायची जुनी पद्धत मोठी गमतीची आहे. नळीच्या मापाच्या शिशाच्या बारा गोळ्या मिळून एक पौंड भरला की ती बारा बोअर. म्हणजे एक गोळी जवळपास ३८ ग्रॅमची आणि नळीचा व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर. दुसरं टोक म्हणजे .३१५ इंची मापाची रायफल. ब्रिटिश काळात लष्कराचं .३०३ काडतूस खासगी माणसाच्या हाती पडू नये म्हणून हिंदुस्थानात जी वेगळी मापं रुळली, त्यांतलं हे एक. पुढे आपल्या सरकारी शस्त्र कारखान्यांनीही याच मापाच्या रायफली बनवल्या. तिची गोळी जेमतेम १६ ग्रॅमची, पण लांबट, आठ मिलिमीटरच्या आसपास जाडीची, आणि सेकंदाला सुमारे ६०० मीटर वेगाने निघणारी.

यातली जड कुठली? वजनाने अर्थातच बारा बोअरची, दुपटीहून जास्त. पण फांदीला तराजूतलं वजन कळत नाही. समोर येणाऱ्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरमागे किती ग्रॅम उभे आहेत, तेवढंच तिला जाणवतं. वजनाला तोंडाच्या क्षेत्रफळाने भागा. .३१५ च्या गोळीला दर चौरस सेंटीमीटरमागे सुमारे ३० ग्रॅम येतात, बारा बोअरच्या गोल गोळीला १४. तराजूत हलकी ठरलेली गोळी इथे दुपटीने जड निघते, कारण ती लांब आहे. जाणत्या माणसाच्या मतातला पहिला घोटाळा हाच. जाळीतून जायला जाडी उपयोगी पडत नाही, लांबी थोडीफार पडते.

थोडीफारच, कारण खरा प्रश्न जोराचा नाहीच. एक सेंटीमीटर जाडीची ओली काठी अगदी मधोमध फोडून गेली तर ढोबळ हिशेबाने रायफलच्या गोळीचा वेग टक्का-दीड टक्का कमी होईल. एवढ्याने काही बिघडत नाही. बिघडते ती दिशा.

रायफलच्या नळीत पिळदार खाचा असतात, त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते. साधारण २५ सेंटीमीटरला एक फेरा धरला तरी ६०० मीटर वेगाच्या गोळीचे सेकंदाला २४०० फेरे होतात. ही फिरकी हवीच, कारण लांबट गोळीचा गुरुत्वमध्य मागे असतो आणि हवेचा दाब नाकाच्या बाजूला पडतो. तिला मोकळं सोडलं तर ती कोलांटी मारेल. भोवरा फिरतोय तोवर उभा राहतो, तशी ही गोळी फिरते तोवर नाक पुढे ठेवते.

पण ही फिरकी हवेसाठी मोजून दिलेली असते. ओलं लाकूड हवेच्या जवळपास ८०० पट दाट. गोळीला उलथवणारा जोर दाटीच्या प्रमाणात वाढतो आणि तो पेलायला लागणारी फिरकी त्या पटीच्या वर्गमुळाने. म्हणजे लाकडात नाक सरळ ठेवायचं तर २८ पट वेगाने फिरायला हवं. तेवढी फिरकी जगातली कुठलीच बंदूक देत नाही, नवी नाही, जुनी नाही, लाखाची नाही. गोळी महाग असो की स्वस्त, काठीत शिरताक्षणी तिचा तोल सुटायला लागतो.

तिला वाचवणारी गोष्ट एकच, ती म्हणजे वेळ. तीन सेंटीमीटर लांबीची गोळी एक सेंटीमीटरच्या काठीतून पूर्ण बाहेर पडायला सेकंदाचा पंधरा हजारावा भाग लागतो. एवढ्यात काठीला लवायलाही सवड मिळत नाही, आपण हाताने वाकवतो तेव्हा ती वाकते त्याचा इथे काही संबंध नाही. गोळी काठीत कोलांटी मारत नाही, पण एक हिसका घेऊन बाहेर पडते. काठीला मधोमध लागली तर हिसका बारीक, कडेला घासून गेली तर मोठा. कुठे लागणार ते कुणाच्याच हातात नाही, आणि म्हणूनच एकदा सरळ गेली म्हणून दुसऱ्यांदा जाईल असं धरता येत नाही. हिसका बसलेली गोळी पुढे तिरक्या अंगाने, डुलत जाते. फिरकी तिला हळूहळू सावरते, पण त्यात बरंच अंतर जातं, आणि तोवर तिरक्या अंगावर हवा दाबत राहते आणि गोळी आणखी बाजूला सरकते.

लाकडी दांड्यांच्या रांगा उभ्या करून, मागे कागदाचं लक्ष्य लावून हे प्रयोग अनेकांनी केलेत. कागदावर गोल भोकाऐवजी लांबोडकं भोक उमटतं, गोळीची आडवी सावलीच जणू. जाड गोळ्या, बारीक गोळ्या, बोथट, टोकदार, सगळ्यांनी असली भोकं पाडली आहेत. पातळ कवचाच्या हलक्या वेगवान गोळ्या कधी काठीवरच फुटतात, हे जाणत्यांचं निरीक्षण बरोबर आहे. लांब आणि दणकट कवचाच्या गोळ्या जरा बऱ्या वागतात, हेही खरं. पण 'बऱ्या' म्हणजे चुकण्याचा कोन थोडा कमी. न चुकणारी एकही नाही.

या कोनाचा हिशेब प्रत्येक राखणदाराने करून पाहावा असा आहे. गोळी काठीला लागून फक्त एक अंश वळली असं धरा. काठी जनावराच्या अंगालगत, मीटरभर अलीकडे असेल तर गोळी पावणेदोन सेंटीमीटर चुकेल, म्हणजे चुकलीच नाही म्हणा. तीच काठी जनावराच्या २० मीटर अलीकडे, म्हणजे तुमच्या माळ्याजवळ असेल तर चूक ३५ सेंटीमीटरची. काळजावर धरलेली गोळी पोटात शिरेल किंवा जनावराला सोडून पुढे जाईल. पाच अंशांचा हिसका बसला तर २० मीटरमागे पावणेदोन मीटर. काठी कुठली, गोळी कुठली यापेक्षा काठी कुठे आहे याला जास्त महत्त्व आहे. बॅटरीच्या उजेडात जनावराचे चमकणारे डोळे दिसतात, पण तुमच्या आणि त्याच्या मधली अंगठ्याएवढी कारवी दिसत नाही.

मग छर्रे? आपल्या भागात बहुतेकांकडे एकनळी किंवा दुनळी बारा बोअरच असते, त्यामुळे हा प्रश्न जास्त कामाचा. डुकरासाठी वापरतात त्या एसजी काडतुसात साडेआठ मिलिमीटरच्या आतबाहेरचे नऊ छर्रे, प्रत्येक साडेतीन ग्रॅमचा. छर्रा गोल असल्यामुळे त्याला कोलांटीची भीती नाही, कारण गोलाला नाकच नसतं. ही त्याची जमेची बाजू. पण चौरस सेंटीमीटरमागे त्याच्याकडे जेमतेम सहा ग्रॅम, म्हणजे रायफलच्या गोळीच्या पाचव्या हिश्शाएवढे. काठी त्याला सहज बाजूला सारते आणि त्याच्या वेगातूनही जास्त वाटा काढून घेते. छर्रे मीटरमागे अडीच-तीन सेंटीमीटर पसरतात असा जुना ठोकताळा आहे, म्हणजे २० मीटरवर अर्ध्या मीटरहून मोठा घेर. मोकळ्या जागेत नवांतले चार-पाच तरी कामी येतात. जाळीत दोन फटींतून जातात, बाकीचे कुठे जातील सांगता येत नाही. दोन छर्रे पोटात घेऊन गेलेलं डुक्कर दोन दिवसांनी मरतं, आणि तोवर पहाटे सरपणाला जाणाऱ्या बाईसमोर ते येऊ शकतं. जखमी रानडुक्कर पळून जाईलच असं नाही, ते अंगावरही येऊ शकतं.

ठासणीच्या बंदुकीबद्दल लांबण लावत नाही. काळ्या दारूवर चालणारी, वेग कमी, फिरकी नाही, धुराचा लोट उठला की पुढे काय झालं तेही दिसत नाही. जाळीत ती सगळ्यात निरुपयोगी आणि भरताना सगळ्यात धोक्याची.

चुकलेली गोळी थांबते कुठे, यावर माझ्या मते सगळ्यात कमी बोललं जातं. एसजीचा छर्रा सहाशे मीटरच्या आसपास जाऊ शकतो, रायफलची गोळी दोन-तीन किलोमीटर. कापणीच्या दिवसांत आपल्या शिवारात एका हाकेच्या अंतरावर तीन माळे असतात. ज्या जाळीत डुक्कर शिरलं, तिच्या पलीकडे दुसऱ्याचं भात आहे आणि तिथे दुसरा माणूस जागा आहे. काठीला लागून वळलेली गोळी तुम्ही नेम धरलेल्या दिशेनेच जाईल याची खात्री नाही, म्हणजे मागे माती आहे की माणूस हे पाहून नेम धरण्यालाही जाळीत अर्थ उरत नाही.

म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर मी असं देतो. मोकळ्या बांधावर, २०-२५ मीटरच्या आत, मागे चढ किंवा मातीचा उंच बांध असेल तर बारा बोअर पुरेशी आहे आणि त्याहून मोठ्या कशाची गरज नाही. जनावर जाळीत असेल तर घोड्यावर बोट न्यायचं नाही, मग हातात काहीही असो.

त्यातही परवाना बंदुकीचा असतो, जनावराचा नसतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गवा पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे, त्याच्यावर गोळी झाडण्याचा विचारच नको. पिकाची नासाडी करणाऱ्या डुकरासाठीसुद्धा वनखात्याच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. २०११ साली भीमगड अभयारण्य जाहीर झालं, त्याच्या हद्दीत तर परवानगीशिवाय बंदूक घेऊन शिरणं हाच गुन्हा.

पिकासाठी करण्यासारखं काम वेगळंच आहे, आणि ते कोयत्याने होतं. शेत आणि रान यांच्या मधली रानमोडी-घाणेरी गणपतीनंतर लगेच, भात पोटरीला येण्याआधी, दहा-बारा पावलांच्या रुंदीने छाटून टाकायची. डुक्कर आडोशाआडोशाने येतं, उघड्या पट्ट्यावर ते बिचकतं. तिथे ते दिसलं की डबा आणि उजेड बहुतेक वेळा पुरतो. कारवी मात्र तोडू नये, ती वनखात्याच्या हद्दीत असते आणि चढावरची माती तीच धरून ठेवते. नुकसान झालंच तर त्याच सकाळी मोबाइलवर तुडवलेल्या भाताचे, पावलांच्या ठशांचे फोटो काढून ठेवायचे आणि पंचनाम्यासाठी वनखात्याच्या जवळच्या कार्यालयात अर्ज द्यायचा. सोबत सात-बाऱ्याच्या जागी आपल्याकडे चालणारा पहाणीचा उतारा, आधार आणि बँक पासबुकाची प्रत. पंचनामा होईपर्यंत त्या वाफ्यातली कापणी थांबवायची, एवढं घरातल्यांनाही सांगून ठेवावं.