बाइक-इंजिनाच्या रेसकारसाठी नियमबदलाचा अर्ज : कागदपत्रं, वजन आणि परत येणारी पत्रं

हौशी रेसिंगमध्ये बाइकचं इंजिन बसवलेल्या गाड्यांचे दोन प्रश्न कायम येतात. ‘माझ्याकडे नव्या मॉडेलचं इंजिन आहे, ते वर्गात चालेल का?’ आणि ‘समोरच्याच्या इंजिनाला जास्त ताकद आहे, त्याच्यावर वजन का टाकत नाहीत?’ अमेरिकेतल्या स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका, म्हणजे एससीसीएमध्ये, दोन्हींचा रस्ता एकच आहे: क्लब रेसिंग बोर्डाला पत्र. पत्र ऑनलाइन भरायचं, त्याला क्रमांक मिळतो, ते त्या वर्गाच्या सल्लागार समितीकडे जातं, तिथून बोर्डाकडे, आणि उत्तर ‘फास्टट्रॅक’ या मासिक पत्रकात छापून येतं. अट एकच, तुम्ही क्लबचे सदस्य असायला हवं. यात अवघड काहीच नाही. तरीही पत्रांमागून पत्रं नामंजूर होतात, कारण लोक आपल्या इंजिनाबद्दल लिहितात आणि समितीला हवी असते तुलना. वर्गात आज जी इंजिनं धावताहेत त्यांच्या शेजारी हे नवं इंजिन कुठे बसतं, एवढंच तिला ठरवायचं असतं.

आधी एक गल्लत दूर करू. एखादी ठरावीक गाडी नियमाबाहेर आहे असा तुमचा संशय असेल, तर पत्र लिहून उपयोग नाही. त्यासाठी त्याच दिवशी, ट्रॅकवरच, शुल्क भरून प्रोटेस्ट, म्हणजे औपचारिक हरकत, नोंदवावा लागतो आणि त्याची मुदत फार थोडी असते. घरी येऊन, चार दिवस विचार करून बोर्डाला तक्रार लिहिणारे बरेच असतात. त्यांची तक्रार खरी असली तरी ती चुकीच्या दारात गेलेली असते. पत्र नियमाबद्दल असतं, माणसाबद्दल नाही.

आता कागदपत्रं. सदस्य क्रमांक, वर्गाचं नाव, नियमपुस्तिकेतल्या कलमाचा क्रमांक, सध्याचा मजकूर, तुम्हाला हवा असलेला मजकूर आणि कारण. बदललेलं वाक्य स्वतः लिहून द्या. ‘या इंजिनाला परवानगी द्यावी’ एवढ्यावर थांबलात तर पुढचं काम समितीवर पडतं, आणि स्वतःचा वेळ देऊन काम करणारी माणसं ते करतीलच असं नाही. मग ‘नियम आहे तो पुरेसा आहे’ अशा अर्थाची एक ओळ छापून येते. ती वाचून चीड येते, हे मान्य. महिनोन्महिने खपून केलेल्या कामाला एका ओळीचं उत्तर, आणि त्यात काय कमी पडलं याचा पत्ता नाही. पण त्या ओळीशी भांडण्यापेक्षा पुढचं पत्र भक्कम करणं आपल्या हातात आहे.

जो कागद जवळपास कुणाकडेच नसतो तो म्हणजे त्या नेमक्या वर्षाच्या मॉडेलचं कंपनीचं वर्कशॉप मॅन्युअल. बहुतेकांनी इंजिन अपघातग्रस्त बाइकमधून घेतलेलं असतं. हातात इंजिन नंबर असतो, पण बाइकचा चासी नंबर नसतो आणि वर्षाबद्दल विकणाऱ्याचा शब्द असतो. इथे फार काळजी घ्या. यामाहा आर१ हे नाव एकच, क्षमताही ९९८ सीसी, पण २००८च्या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७७ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) ५३.६ मिमी, २००९मध्ये क्रॉसप्लेन, म्हणजे वेगळ्या रचनेचा, क्रँक आला आणि बोअर ७८, स्ट्रोक ५२.२ झाला. ही दोन वेगळी इंजिनं आहेत. ‘आर१ला परवानगी आहे’ या भरवशावर गाडी बांधायला घेणाऱ्याला मी नेहमी विचारतो, कुठल्या वर्षाची? इंजिन नंबरवरून वर्ष पक्कं करा, मॅन्युअलमधली बोअर, स्ट्रोक, कॉम्प्रेशन रेशो आणि व्हॉल्व्ह लिफ्टची पानं जोडा. ज्यांच्या गाडीचं इंजिन उद्या उघडून मोजतील, त्यांना याच आकड्यांशी जुळावं लागणार आहे.

दुसरी अडचण डायनो शीटची, म्हणजे इंजिनाची ताकद यंत्रावर मोजून मिळणाऱ्या कागदाची. लोक सर्वांत मोठा आकडा पाठवतात, किंवा स्वतःचं इंजिन गरीब दाखवायचं असेल तर सर्वांत लहान. समितीतली माणसं ही शीट रोज बघतात. आकडा क्रँकवरचा की मागच्या चाकावरचा, हे लिहिलं नसेल तर शीट निरुपयोगी. करेक्शन, म्हणजे त्या दिवशीच्या हवामानासाठी आकड्यात केलेली दुरुस्ती, कुठलं लावलं तेही लिहा. एसएई जे१३४९ या मानकात संदर्भ तापमान २५ अंश सेल्सियस आणि कोरड्या हवेचा दाब ९९ किलोपास्कल धरतात. ‘एसटीडी’ करेक्शनमध्ये हवा साधारण साडेपंधरा अंशांची आणि दाबही जास्त धरतात, त्यामुळे तेच इंजिन सुमारे चार टक्के जास्त ताकदीचं दिसतं. १७० हॉर्सपॉवरवर चार टक्के म्हणजे जवळजवळ सात हॉर्सपॉवर, आणि भांडण बहुधा तेवढ्यावरूनच असतं. तुमचं इंजिन आणि सध्या मान्य असलेलं एक इंजिन, दोन्ही एकाच डायनोवर, शक्य तर एकाच दिवशी चालवा. आणि फक्त शिखराचा आकडा नको, फेऱ्यांनुसार ताकद कशी बदलते ते दाखवणारा पूर्ण वक्र पाठवा.

वक्र का, हे सांगतो, कारण न्याय्य नियमाचा गाभा तिथेच आहे. सुझुकीच्या २००५च्या जीएसएक्स-आर१०००चा बोअर ७३.४ आणि स्ट्रोक ५९ मिमी. बीएमडब्ल्यूच्या पहिल्या एस१०००आरआरचा बोअर ८० आणि स्ट्रोक ४९.७. दोन्ही हजार सीसीच्या आतली. पण आखूड स्ट्रोकचं इंजिन मिनिटाला जास्त फेऱ्यांपर्यंत जाऊ शकतं आणि मोठ्या बोअरमध्ये मोठे व्हॉल्व्ह बसतात. फक्त ‘१००० सीसीपर्यंत’ असा नियम लिहिला की दरवर्षी नवी बाइक घेणारा पुढे जातो आणि जुन्या इंजिनावर खर्च केलेला मागे पडतो. हौशी वर्ग असेच रिकामे होतात.

यावर दोन उपाय: वजन आणि रिस्ट्रिक्टर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा अडवणारं अरुंद भोक. पत्रात कुठला मागता याचा नीट विचार करा. फॉर्म्युला बी या एससीसीएच्या वर्गातल्या हजार सीसी गाड्यांसाठी ड्रायव्हरसह किमान वजन १००० पौंड, म्हणजे सुमारे ४५४ किलो होतं. एवढ्या हलक्या गाडीत १७०ऐवजी १८० हॉर्सपॉवर आली, तर तोच ताकद-वजन मेळ राखायला २७ किलोंच्या आसपास भर टाकावी लागते. ही भर ब्रेकिंगमध्ये, वळणात आणि टायरवरही भारी पडते, पण लांब सरळ रस्त्याच्या टोकाला, जिथे हवेचा विरोध वेग अडवतो, तिथे तिचा परिणाम थोडा. म्हणजे वळणांच्या ट्रॅकवर तो ड्रायव्हर हकनाक भरडला जातो आणि वेगवान ट्रॅकवर सगळ्यांना मागे टाकतो. रिस्ट्रिक्टर वरच्या फेऱ्यांत गळा आवळतो. फॉर्म्युला स्टुडंट या विद्यार्थ्यांच्या रेसकार स्पर्धेत पेट्रोल इंजिनाला २० मिमीचं बंधन असतं. त्या भोकातून हवा ध्वनीच्या वेगाला पोचली की सेकंदाला साधारण ७५ ग्रॅमपेक्षा जास्त जातच नाही, मग मागे इंजिन कुठलंही असो. ताकद वरच्या टोकाला जास्त असेल तर रिस्ट्रिक्टर मागा. सगळ्या पट्ट्यात सारखी जास्त असेल तर वजन.

एससीसीएच्याच फॉर्म्युला ५०० या वर्गाचं उदाहरण सगळ्यांनी अभ्यासावं. तिथे स्नोमोबाइलची (बर्फावरच्या गाडीची) टू-स्ट्रोक इंजिनं सीव्हीटीसह, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या, सलग बदलणाऱ्या ट्रान्समिशनसह, धावतात आणि त्यांच्याबरोबर ६०० सीसीची बाइक इंजिनं. सीव्हीटी इंजिनाला सतत ताकदीच्या शिखराजवळ ठेवतं. बाइकच्या गिअरबॉक्सला प्रत्येक गिअरला खाली येऊन पुन्हा चढावं लागतं. इथे शिखराच्या आकड्यांची तुलना केली तर बाइकवाल्यावर अन्याय होतो, आणि नुसत्या लॅप टाइमची केली तर चांगल्या ड्रायव्हरला शिक्षा होते. म्हणून लॅप टाइम पाठवताना एकाच ट्रॅकचे, एकाच दिवसाचे, दोन्ही इंजिनांच्या निदान दोन-तीन ड्रायव्हरांचे पाठवा. सरळ रस्त्यावरचा वेग डेटा लॉगरमधून वेगळा काढता आला तर उत्तमच.

एक मागणी मात्र निःसंकोच करा: तेलाची. बाइक वळणात झुकते, त्यामुळे सम्पमधलं (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यातलं) तेल जागेवर राहतं. गाडी सपाट वळते, तेल एका बाजूला पळतं, तेल ओढणारा पिकअप उघडा पडतो आणि बेअरिंग जातं. बॅफल (तेल अडवणारे पडदे), बदललेला सम्प किंवा ड्राय सम्प (तेल वेगळ्या टाकीत ठेवणारी रचना) यांनी ताकद वाढवण्याचा हेतू नसतो, इंजिन जगवण्याचा असतो. तसं स्पष्ट लिहा, नाहीतर ही मागणीही ताकदवाढीच्या टोपलीत जाते.

मुदतीचं गणित बहुतेकांचं चुकतं. नियमबदल साधारणतः १ जानेवारीपासून लागू होतो, म्हणून लोक नोव्हेंबरात पत्र लिहितात. पण समितीची बैठक, बोर्डाची बैठक, शिफारस छापून येणं, सदस्यांची मतं आणि शेवटी संचालक मंडळाचं मतदान, या प्रत्येक टप्प्याला वेळ लागतो. उन्हाळ्यातच पत्र गेलेलं बरं. वजन किंवा रिस्ट्रिक्टरचा छोटा फेरबदल तांत्रिक बुलेटिनमधून लवकर येऊ शकतो, पण त्यावर विसंबून गाडी कापायला घेऊ नका. शिफारस छापून आली म्हणजे मंजुरी आली, असं समजून इंजिन विकत घेणारी माणसं मी पाहिली आहेत. ते इंजिन मग वर्षभर शेडमध्ये पडून राहतं. तुमच्या मागणीवरच्या शिफारशीवर इतर सदस्य मत देतात तेव्हा ओळखीच्या रेसर्सना पाठिंब्याची पत्रं लिहायला सांगा, पण प्रत्येकाने स्वतःच्या शब्दांत. एकाच मजकुराच्या दहा प्रतींना वजन राहत नाही.

मंजुरी आली की बुलेटिनचं ते पान छापून गाडीच्या लॉगबुकात ठेवा. तपासनीसाच्या हातात नवी आवृत्ती असेलच असं नाही. आणि वजन शर्यतीनंतर, ड्रायव्हरसकट, गाडी जशी आत आली तशी घेतात. शेवटच्या लॅपपर्यंत पेट्रोल जळतं, ड्रायव्हरचाही घाम जातो. किमान आकड्यावर काटेकोर गाडी आणू नका, दोन-तीन किलो जास्त ठेवा, आणि वजन वाढवायला लावलेले भराचे तुकडे बोल्टने पक्के बांधा.