मूलद्रव्यांच्या गुणधर्मांतील आवर्ती कल

मूलद्रव्ये अणुअंकांच्या, म्हणजे केंद्रकातील प्रोटॉनांच्या संख्येच्या, चढत्या क्रमाने मांडली असता त्यांचे अनेक भौतिक व रासायनिक गुणधर्म ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा आढळतात. आवर्तसारणीच्या आडव्या ओळीतून, म्हणजे आवर्तातून, किंवा उभ्या स्तंभातून, म्हणजे गणातून, जाताना या गुणधर्मांत जो क्रमवार बदल दिसतो त्याला आवर्ती कल म्हणतात. आधुनिक सारणीत ७ आवर्ते आणि १८ गण आहेत. शाळेत हे कल बहुधा बाण काढून पाठ करून घेतले जातात: आकार डावीकडून उजवीकडे घटतो, वरून खाली वाढतो, वगैरे. बाण चुकीचे नसतात; मात्र त्यांमागचे कारण ते सांगत नाहीत, आणि जेथे ते फसतात तेथेच हे कारण सर्वांत स्पष्ट दिसते.

कारण असे, की अणूच्या सर्वांत बाहेरच्या इलेक्ट्रॉनावर दोन परस्परविरोधी प्रभाव काम करत असतात. केंद्रकातील प्रोटॉन त्याला आत ओढतात, तर आतल्या कवचांतील इलेक्ट्रॉन मध्ये आडोसा करून ती ओढ क्षीण करतात. आवर्तात एकेक घर उजवीकडे सरकताना केंद्रकात एक प्रोटॉन वाढतो, पण नवा इलेक्ट्रॉन त्याच बाह्यतम कवचात जात असल्याने आडोसा फारसा वाढत नाही. म्हणून ओढ वाढते. गणात खाली उतरताना दर वेळी एक नवे कवच सुरू होते, बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्रकापासून दूर जातो आणि प्रोटॉन कितीही वाढले तरी त्याच्यावरची पकड सैल होते.

हे स्पष्टीकरण विसाव्या शतकातले आहे. कल त्याआधीच हाती लागले होते. डोबेरायनर यांनी १८२९ मध्ये लिथियम-सोडियम-पोटॅशियम यांसारखी सारख्या गुणधर्मांची त्रिके मांडली, न्यूलँड्स यांनी १८६५ मध्ये दर आठव्या मूलद्रव्यात पहिल्याचे गुणधर्म पुन्हा दिसतात हा अष्टकांचा नियम सांगितला, आणि १८६९ मध्ये दमित्री मेंडेलीव्ह यांनी अणुवस्तुमानांनुसार सारणी रचून तीत रिकामी घरे सोडण्याचे धाडस केले. ॲल्युमिनिअमच्या खालच्या रिकाम्या घरातील अज्ञात मूलद्रव्याला त्यांनी संस्कृत ‘एक’ हा शब्द जोडून ‘एका-ॲल्युमिनिअम’ असे नाव दिले व त्याची घनता (दर घन सेंटिमीटरला ग्रॅममध्ये) ५.९ च्या आसपास असेल असे भाकीत केले. लकॉक द ब्वाबोद्राँ यांना १८७५ मध्ये हे मूलद्रव्य, म्हणजे गॅलियम, सापडले तेव्हा त्यांनी घनता ४.७ मोजली. मेंडेलीव्ह यांनी धातू कधी पाहिलाही नव्हता, तरी नमुना अशुद्ध असावा असे त्यांनी कळवले. धातू शुद्ध करून पुन्हा मोजल्यावर आकडा ५.९ निघाला. पुढे स्कँडियम (१८७९) व जर्मेनियम (१८८६) यांनीही आपापली घरे भरली. टेल्यूरियम हे आयोडीनपेक्षा जड असूनही मेंडेलीव्ह यांनी गुणधर्म पाहून ते आयोडीनच्या आधी ठेवले होते. हा क्रम बरोबर का होता हे १९१३ मध्ये हेन्री मोझले यांच्या क्ष-किरणांच्या प्रयोगांनी दाखवले, कारण सारणीचा खरा पाया वस्तुमान नसून अणुअंक होता.

अणुत्रिज्या : तिसऱ्या आवर्तात सोडियमची त्रिज्या १८६ पिकोमीटर (१ पिकोमीटर म्हणजे मीटरचा एक लाख कोटीवा भाग), मॅग्नेशियमची १६०, ॲल्युमिनिअमची १४३ आणि क्लोरीनची केवळ ९९ आहे. इलेक्ट्रॉन वाढत असताना अणू लहान होत जातो ही गोष्ट प्रथम विचित्र वाटते. पण वाढणारी ओढ लक्षात घेतली की ती तशी वाटत नाही. पहिल्या गणात लिथियमच्या १५२ पासून पोटॅशियमच्या सुमारे २३० पिकोमीटरपर्यंत आकार वाढतो. आयन झाला की चित्र पालटते: सोडियमने बाहेरचे कवच गमावल्याने त्याच्या आयनाची त्रिज्या १०२ पर्यंत उतरते, तर एक इलेक्ट्रॉन जास्तीचा घेतलेला क्लोराइड आयन १८१ पर्यंत फुगतो.

आयनीभवन ऊर्जा : वायुरूप अणूतून सर्वांत सैल बांधलेला इलेक्ट्रॉन काढून घेण्यासाठी लागणारी ही ऊर्जा आवर्तात साधारणपणे वाढते व गणात खाली घटते. दुसऱ्या आवर्तात ती लिथियमसाठी दर मोलला ५२० किलोज्यूल, तर निऑनसाठी २०८१ किलोज्यूल आहे. मात्र ही चढण सरळ नाही. बेरिलियमच्या ९०० नंतर बोरॉन ८०१ वर उतरते, आणि नायट्रोजनच्या १४०२ नंतर ऑक्सिजन १३१४ वर. बोरॉनचा शेवटचा इलेक्ट्रॉन बेरिलियमच्या इलेक्ट्रॉनांपेक्षा वरच्या उपकवचात, म्हणजे कवचाच्या अधिक ऊर्जेच्या उपविभागात, असल्याने सहज सुटतो. ऑक्सिजनमध्ये एका कक्षिकेत (उपकवचातील जास्तीत जास्त दोन इलेक्ट्रॉनांच्या जागेत) दोन इलेक्ट्रॉन दाटीने बसतात व एकमेकांना ढकलतात, म्हणून त्यांतला एक काढणे नायट्रोजनच्या मानाने सोपे जाते. संयुजेचे, म्हणजे अणू किती बंध करू शकतो याचे, रहस्यही याच आकड्यांत आहे. सोडियमचा पहिला इलेक्ट्रॉन ४९६ किलोज्यूलमध्ये निघतो, पण दुसऱ्यासाठी आतले भरलेले कवच फोडावे लागते आणि आकडा ४५६२ वर जातो. सोडियमची संयुजा १ च का, याचे याहून स्वच्छ उत्तर नाही.

आयनीभवन ऊर्जा गणात खाली घटते, या उताराचे प्रत्यक्ष दर्शन पहिल्या गणातील धातू पाण्यात टाकल्यावर घडते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत रॉकेलमध्ये बुडवून ठेवलेला सोडियम सुरीने चीजसारखा कापता येतो, आणि कापलेली चकचकीत बाजू पाहता पाहता काळवंडते. त्याचा वाटाण्याहून लहान तुकडा पाण्यावर पडताच क्रियेच्या उष्णतेने वितळतो, गोळी होऊन फसफसत इकडेतिकडे धावतो. लिथियम त्यामानाने शांतपणे बुडबुडे सोडत तरंगतो. पोटॅशियम फिकट जांभळ्या ज्योतीने पेटतो. सिझियमचा थेट स्फोट होतो. यावरून लिथियम सर्वांत दुबळा असा समज होतो, तो अपुरा आहे. प्रमाण विद्युतअग्र विभव (द्रावणात इलेक्ट्रॉन देण्या-घेण्याच्या प्रवृत्तीचे व्होल्टमधील माप) पाहिले तर पाण्यातील द्रावणात सर्वांत प्रबळ क्षपणक, म्हणजे इलेक्ट्रॉन देणारा, लिथियमच ठरतो (उणे ३.०४ व्होल्ट), कारण त्याच्या चिमुकल्या आयनाभोवती पाण्याचे रेणू घट्ट गोळा होऊन पुष्कळ ऊर्जा मुक्त होते. त्याची क्रिया संथ दिसते ती मुख्यतः तो १८० अंश सेल्सिअसपर्यंत वितळत नाही आणि पाण्याला नवा पृष्ठभाग मिळत नाही म्हणून. एकूण किती ऊर्जा सुटते आणि ती किती वेगाने सुटते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उजव्या टोकाला, १७ व्या गणात, क्रम उलटा असतो. तेथे इलेक्ट्रॉन देण्यापेक्षा घेण्याला महत्त्व असल्याने वरचे फ्लुओरिन सर्वांत क्रियाशील आहे. लायनस पॉलिंग यांनी १९३२ मध्ये मांडलेल्या विद्युतऋणतेच्या (बंधातील इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याच्या क्षमतेच्या) मापनश्रेणीत त्याला ३.९८ हे सर्वोच्च मूल्य आहे, तर सिझियमला ०.७९. तरीही इलेक्ट्रॉन स्वीकारताना मुक्त होणारी ऊर्जा फ्लुओरिनची (३२८ किलोज्यूल) क्लोरीनपेक्षा (३४९) कमी आहे. फ्लुओरिनच्या इवल्याशा अणूत नव्या इलेक्ट्रॉनाला आधीच्यांच्या गर्दीत शिरावे लागते.

ऑक्साइडांचे स्वरूप : आवर्तात डावीकडे धातूंची आम्लारिधर्मी, मध्ये ॲल्युमिनिअमसारख्यांची उभयधर्मी (आम्ल व आम्लारी दोन्हींशी क्रिया करणारी) आणि उजवीकडे अधातूंची आम्लधर्मी ऑक्साइडे आढळतात. कॅल्शियमच्या ऑक्साइडापासून होणारा चुना हळदीला लागला की लाल डाग उमटतो, तर गंधकाच्या धुराने ओला निळा लिटमस तांबडा होतो. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांत सारणीची ही दोन टोके एकाच टाकीत आणली जातात. दुहेरी सल्फिटेशन पद्धतीत उसाच्या गरम रसात चुना आणि गंधक जाळून मिळवलेला सल्फर डायऑक्साइड वायू सोडतात. त्यांच्या संयोगाने कॅल्शियम सल्फाइटचा साका तयार होतो व रसातील मळ सोबत घेऊन खाली बसतो.

सारणीच्या मधल्या भागात कल मंदावतात, कारण तेथे नवे इलेक्ट्रॉन आतल्या उपकवचांत जातात आणि या उपकवचांचा आडोसा तोकडा पडतो. म्हणूनच गॅलियमचा अणू खालच्या आवर्तात असूनही ॲल्युमिनिअमच्या अणूपेक्षा किंचित लहान भरतो. याचे ठळक उदाहरण म्हणजे लॅन्थॅनाइड आकुंचन. लॅन्थॅनाइडे म्हणजे लॅन्थॅनमनंतरची, सारणीखाली वेगळी दाखवली जाणारी १४ मूलद्रव्ये; त्या रांगेत अणू इतके आक्रसतात, की झिर्कोनियमच्या खाली असलेल्या हाफ्नियमची त्रिज्या त्याच्याएवढीच, सुमारे १६० पिकोमीटर, राहते. दोघांचे रासायनिक वर्तन जवळजवळ सारखे असल्याने हाफ्नियम झिर्कोनियमच्या खनिजांत लपून राहिले आणि १९२३ मध्ये कोपनहेगन येथे क्ष-किरण वर्णपटामुळेच ओळखले गेले. ही जोडी वेगळी करणे आजही कटकटीचे काम आहे, पण ते टाळता येत नाही. तारापूरसारख्या अणुवीज केंद्रांत इंधन झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या नळ्यांत भरलेले असते. झिर्कोनियम न्यूट्रॉन जवळपास शोषत नाही, हाफ्नियम मात्र त्याच्या शेकडो पट शोषते.

सर्वांत जड मूलद्रव्यांत आणखी एक घटक भर घालतो. केंद्रकाच्या प्रचंड प्रभारामुळे आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या लक्षणीय अंशाने फिरतात, आणि सापेक्षतेच्या परिणामाने काही कक्षिका आकुंचन पावतात. सोन्याचा पिवळा रंग आणि पाऱ्याचे द्रवरूप यांचे मूळ यातच आहे. पहिल्या गणाच्या तळाशी असलेल्या फ्रान्सियमची आयनीभवन ऊर्जा (३९३ किलोज्यूल) त्यामुळेच वरच्या सिझियमपेक्षा (३७६) अधिक आहे. ११८ व्या घरातील ओगानेसॉन राजवायूंच्या स्तंभात बसवलेले असले तरी ते वायुरूप नसावे, असे गणिते सुचवतात; आजवर त्याचे अगदी मोजके अणू तयार झाले असून ते जेमतेम सहस्रांश सेकंद टिकत असल्याने त्याचे रसायन अजून तपासता आलेले नाही.