सातबाऱ्यावर एक नाव, घरात अनेक वाटेकरी

वडिलोपार्जित जमिनीवरून भावंडांत जुंपली की गाव पहिला दोष हावेला देतं. हाव असतेच. पण महाराष्ट्रातल्या अशा वादांच्या मुळाशी बरेचदा एक जुनी विसंगती सापडते: हिंदू कायद्याने जमीन कुटुंबाची मानली आणि सरकारी दप्तराने ती एकाच्या नावावर लावली.

कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. तिच्यानुसार मुलाला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतःच हक्क मिळतो. वडिलांच्या पश्चात मिळणारा हा वारसा नव्हे. इंग्रजांना मात्र वसुलीसाठी जबाबदार धरता येईल असा माणूस हवा होता. १८३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांची जमीन पाहणी इंदापूरपासून सुरू झाली. सर्व्हे नंबर पडले, प्रत्येकाला खातेदार ठरला. पुढे १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी आली आणि गाव नमुना सात व बारा मिळून सातबारा रूढ झाला.

खरी मेख ‘ए.कु.मॅ.’ या तीन अक्षरांत आहे. एकत्र कुटुंब मॅनेजर. वडील गेले, धाकटे वयाने अज्ञान किंवा मुंबईला गिरणीत, म्हणून थोरल्याचं नाव या शेऱ्यासह लागायचं. पुढच्या पिढीत थोरल्याच्या मुलांची वारसनोंद व्हायची आणि चुलतभावांना ऐकावं लागायचं, ‘तुमचं नाव आहे का उताऱ्यावर?’ फेरफाराने, म्हणजे दप्तरातल्या नावबदलाच्या नोंदीने, मालकी मिळत नाही, हे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. पण १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार नोंद खोटी ठरेपर्यंत खरी धरली जाते. त्यामुळे कब्जा असलेला निवांत, कोर्टाची पायरी चढायची ती दुसऱ्याने.

बहिणींची कथा वेगळी. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीला वडिलांच्या हिश्श्यात वाटा दिला, पण सहदायाद, म्हणजे जन्मतः हक्क असलेली वाटेकरी, केलं नाही. आई हयात नाही, दोन मुलगे आणि एक मुलगी, असं घर धरा. वडील वारले की आधी वडील व मुलगे यांच्यात हिशेबापुरते तीन वाटे पडणार, मग वडिलांच्या एक तृतीयांशाचे पुन्हा तीन. मुलीला एक नवमांश, प्रत्येक भावाला चार नवमांश. त्यातही भावांची नावं कब्जेदार सदरी आणि बहिणींची ‘इतर हक्कां’त, अशी रीत पडली. मग माहेर तुटू नये म्हणून त्या हक्कसोड पत्रावर सही करत. याला राजीखुशी म्हणणं मला जड जातं.

महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना सहदायाद केलं, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. ही अट ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने गेली. त्या दिवशी वडील हयात असायला हवेत का, यावर मात्र पंधरा वर्षं निकाल हेलकावत राहिले. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ‘हवेत’ म्हटलं. ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी ते फिरवलं: मुलीचाही हक्क जन्मतः, वडिलांच्या हयातीशी त्याचा संबंध नाही.

तरी २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेली वाटणी किंवा विक्री या हक्काने उकरता येत नाही. आता भांडण इथेच अडतं. गावाकडच्या कितीतरी वाटण्या तोंडीच झाल्या. चार माणसं बसली, बांध घातले, संपलं. न्यायालय असं तोंडी वाटप सहसा मानत नाही, सरकारी कागदांचा भक्कम आधार लागतो. म्हणून भाऊ जुने फेरफार, पीकपाहणी, पावत्या शोधत फिरतात आणि बहिणी वाटपाचा दावा लावतात.

दावा जिंकला तरी शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप दिवाणी न्यायालय करत नाही. हुकूमनामा जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. मोजणी होते, सरस-निरस, म्हणजे जमिनीचा कस कमी-जास्त, पाहून हिस्से पाडले जातात आणि विहीर कुणाकडे, वहिवाटीचा रस्ता कुठून, यावर हरकतींची नवी फेरी सुरू होते.